तीन पाय आणि दोन डोकी

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीचा पेपर आम्हाला शंभर मार्कांचा होता खरा, पण वर्गात मराठी बोललं की दंड व्हायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. यंदा लिहायचं ते मराठीतच लिहायचं असं ठरवलं, कारण ज्या गोष्टीमुळे हा लेख सुचला ती गोष्ट माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात घडली, आणि आजीला इंग्रजी येत नाही.

विषय तसा साधा आहे. आपल्या फोटोग्राफी क्लबला नवीन ट्रायपॉड घ्यायचाय. दोन्ही हॉस्टेलमधून प्रत्येकी पन्नास रुपये वर्गणी काढली, काही सरांनी स्वतःहून भर घातली, आणि अठरा हजार रुपये जमले. मग मेसमध्ये मीटिंग झाली आणि फोटोवाले विरुद्ध व्हिडिओवाले असे दोन तट पडले. फोटोवाल्यांना बॉलहेडचा हलका ट्रायपॉड हवा. व्हिडिओवाल्यांना गॅदरिंगच्या शूटिंगसाठी दांडीवाला जड ट्रायपॉड हवा. एक तिसरा गट म्हणाला, ट्रायपॉड कशाला, गिंबल घ्या, जमाना बदललाय. दीड तास भांडण झालं, वाढपी दादांनी लाईट बंद केले आणि मीटिंग संपली. निर्णय पुढच्या टर्मवर गेला.

माझं मत तिन्ही गटांपेक्षा वेगळं आहे. ते मी तेव्हा मांडलं नाही, कारण ते मांडायचं तर माझी फजिती सांगावी लागली असती. आता सांगते.

आमचं मूळ गाव म्हसावद. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका. शहाद्याहून तोरणमाळला निघालात की वाटेत म्हसावद लागतं, पुढे राणीपूर, आणि मग सातपुड्याचा घाट सुरू होतो. १ जुलै १९९८ ला नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला, त्याआधी हे सगळं धुळ्यात होतं. घरची मोठी माणसं अजूनही बोलताना "आपला धुळे जिल्हा" म्हणून जातात. वडील नोकरीसाठी बाहेर पडले, म्हणून मी शहरात वाढले. पण आखाजीला गावी जायचंच, हा घरातला नियम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घरोघरी आमरसाबरोबर मांडे होतात. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. ही पोळपाटावर लाटून भागत नाही. पुरण भरलेला उंडा थोडा मोठा करून घेतात आणि मग तो दोन्ही हातांवर घ्यायचा. या तळहातावरून त्या तळहातावर, मग मनगटावर, मग पार कोपरापर्यंत. प्रत्येक फेरीत पोळी आपल्याच वजनानं पसरत जाते. एवढी पातळ होते की पलीकडचा जाळ दिसतो. आणि मग एका झटक्यात ती चुलीवरच्या पालथ्या, तापलेल्या खापरावर पडते. सुरकुती पडली की गेली!

आमच्या घरात हे फक्त आजीला येतं. आईला नाही, काकूला नाही. वहिनीला शिकायची फार इच्छा होती. म्हणून गेल्या वर्षीच्या आखाजीला, परीक्षेची पीएल चालू असताना, मी क्लबचा कॅमेरा आणि क्लबचा जुना ट्रायपॉड घेऊन एसटीने म्हसावदला गेले. आजीनं ते तीन पायांचं प्रकरण बघितलं आणि विचारलं, "हाई काय शे माय?" मी म्हटलं, ट्रायपॉड. ती म्हणाली, म्हणजे तिवईच की! मला तोपर्यंत ट्रायपॉडला मराठीत शब्द आहे हेही माहीत नव्हतं.

आता फजिती नंबर एक. आखाजीच्या आदल्या दिवशी चुलतभावाबरोबर पहाटे तोरणमाळला गेले. समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवरचं ठिकाण. यशवंत तलावाच्या काठाला उजाडायच्या आधी पोहोचलो. अंधार होता म्हणून एक सेकंदाचं एक्स्पोजर ठेवलं. काठावर झुडपं होती म्हणून मधला दांडा पूर्ण वर काढला. वारा होता. घरी येऊन बघते तर चाळीस फोटोंपैकी एकही धड शार्प नाही. तलावावरून सावकाश कॅमेरा फिरवत एक व्हिडिओ घेतला होता, त्यात सुरुवातीला पाणी सरळ आहे आणि शेवटी तलाव एका बाजूला कलंडलाय. भाऊ म्हणाला, "ताई, पाणी सांडून राहिलं बघ!"

फजिती नंबर दोन मात्र हसण्यासारखी नाही. दुसऱ्या दिवशी आजी चुलीपुढे बसली. मी कॅमेरा तिच्या हातांवर लावला. फोटो मात्र अप्रतिम आले. जाळाच्या उजेडात पारदर्शक झालेली पोळी आणि तिच्यामागे आजीचा चेहरा, तो फोटो आमच्या घरात फ्रेम करून लावलाय. मग व्हिडिओ. मला आजीच्या कोपरापासून खापरापर्यंत पोळीचा प्रवास हवा होता. अंतर जेमतेम अडीच फूट. पोळी निघाली, मी दांडी ढकलली, हेड हललंच नाही. जरा जोर लावला, तर हेड एकदम सुटलं, खापराच्या पुढे भिंतीवर गेलं, आणि मी ते परत आणेपर्यंत पोळी खापरावर पडून फुगायला लागली होती. असं एकदा नाही, नऊच्या नऊ वेळा. दर वेळी तेवढे तीन सेकंद वाया. मी आजीला म्हटलं, एकदा थांबून हळू कर ना. ती म्हणाली, पीठ काय तुझ्यासाठी थांबतं?

श्रावणात आजी अंगणात घसरली. उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण हातात तो जोर आणि ती लवचीकता राहिली नाही. आता ती भाजी निवडते, पोथी वाचते, सगळं करते, पण खापराजवळ बसत नाही. वहिनीनं माझा व्हिडिओ मोबाईलवर कितीतरी वेळा पाहिलाय. ती म्हणते, हातावर कशी फिरवायची ते कळतं, पण सोडायची कशी ते दिसतच नाही. नेमके तेच तीन सेकंद.

तर हे माझं कारण. आता इंजिनिअरिंगकडे येऊ.

पहिला प्रश्न, पाय तीनच का? मेसमधलं चार पायांचं स्टूल आठवा. एका पायाखाली कागदाची घडी घातल्याशिवाय ते डुगडुगायचं थांबत नाही. तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं, त्यामुळे तीन पाय कसल्याही खडकाळ जमिनीवर टेकतातच. चौथा आला की तो अधांतरी. आजीच्या चुलीलाही तीनच दगड असतात. तिनं अप्लाइड मेकॅनिक्स शिकलेलं नाही एवढाच फरक.

दुसरा प्रश्न, तोरणमाळला माझा फोटो का हलला? मधला दांडा वर काढला की तो एक कॅन्टिलिव्हर बीम होतो. टोकाचं डिफ्लेक्शन लांबीच्या घनावर अवलंबून असतं हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट. म्हणजे तीन भक्कम पाय विकत घ्यायचे आणि वर एक काठी उभी करून कॅमेरा तिच्यावर ठेवायचा, असा तो प्रकार होता. फोटोसाठी ट्रायपॉड घेताना पहिली कसोटी हीच, की मधला दांडा न काढता कॅमेरा डोळ्यापर्यंत येतो का?

तिसरी गोष्ट, नळीची जाडी. नळीच्या भिंतीची जाडी तीच असेल तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या साधारण घनात वाढतो. सगळ्यात वरची नळी २२ मिलिमीटरऐवजी २८ मिलिमीटरची घेतली तर तो जवळपास दुप्पट होतो, वजन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. डब्यावर "भारक्षमता ८ किलो" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण ते कोणत्या कसोटीवर मोजलं हे लिहिलेलं नसतं. त्यामुळे दुकानात तो आकडा वाचण्यापेक्षा पाय पूर्ण उघडा, वरची प्लेट दोन्ही हातांनी धरून पिळून बघा. किती पिळवटतो ते हाताला लगेच कळतं. आणि पायांचे भाग जितके कमी तितके सांधे कमी. तीन भागांचा पाय चार भागांच्या पायापेक्षा ताठ असतो, फक्त मिटल्यावर लांब राहतो. एसटीच्या रॅकवर आडवा बसेल एवढी लांबी आपल्याला चालते.

इथपर्यंत फोटोवाल्यांचं बरोबर आहे. फोटोला हवा असतो ताठपणा, आणि एकदा आवळलं की न हलणं. पण व्हिडिओला नेमकं उलटं हवं असतं. त्याला हवं असतं हलणं, पण न अडखळता हलणं. इथेच सगळी गोम आहे.

क्लबच्या जुन्या ट्रायपॉडचं हेड म्हणजे धातूवर घासणारं प्लास्टिक. स्थिर घर्षण हे गतीतल्या घर्षणापेक्षा जास्त असतं. म्हणून आपण ढकलत राहतो, काहीच होत नाही, आणि ज्या क्षणी ते सुटतं त्या क्षणी घर्षण कमी होतं आणि आपला जोर तेवढाच राहतो. झालं, हेड उडी मारतं. याला स्टिक-स्लिप म्हणतात. दाराची कडी करकरते ती याच कारणानं. माझे नऊ मांडे या एका कारणानं गेले.

फ्लुइड हेडमध्ये हा विरोध घट्ट ग्रीससारख्या द्रवाच्या थरातून येतो. न्यूटनचा श्यानतेचा नियम आठवा. (एफएममध्ये माझी केटी लागली होती, तरीही एवढं आठवतं.) तिथे विरोध वेगाच्या प्रमाणात असतो. वेग शून्य तर त्या द्रवाचा विरोधही जवळजवळ शून्य, त्यामुळे सुरुवात मऊ होते. हाताला झटका बसला तर त्या झटक्याचा वेग जास्त, म्हणून त्याला विरोधही जास्त. म्हणजे हेडच आपल्या हाताची थरथर गाळून टाकतं. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात एरिक मिलर यांनी अशी हेड बनवायला सुरुवात केली, आणि आज सिनेमापासून लग्नाच्या शूटिंगपर्यंत हेच तत्त्व चालतं.

मग फ्लुइड हेडच घेऊन टाकावं का? नाही. कारण बहुतेक फ्लुइड हेडवर कॅमेरा उभा करता येत नाही. आडवं फिरतं, वर-खाली होतं, पण बाजूला कलत नाही. उभा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याला इंग्रजी 'एल' आकाराची वेगळी पट्टी लावावी लागते. शिवाय लांब दांडी, वजन, आणि प्रत्येक कोन वेगळा आवळत बसा. पहाटेचा उजेड दोन मिनिटांत बदलतो, तेव्हा एका खिट्टीनं सगळ्या दिशांना मोकळं होणारं बॉलहेड ते बॉलहेडच. पण तेच बॉलहेड व्हिडिओसाठी मोकळं सोडलं की कॅमेरा दारूड्यासारखा तिन्ही दिशांना झुकतो.

थोडक्यात, एकच डोकं दोन्ही कामं नीट करत नाही. बाजारात "फोटो आणि व्हिडिओ दोन्हींसाठी" म्हणून जे स्वस्त टू-इन-वन मिळतात, त्यात दोन्ही कामं अर्धी होतात. क्लबचा जुना ट्रायपॉड असाच होता. त्याच्या पिशवीवरही तसंच छापलेलं होतं.

म्हणून माझं म्हणणं: पाय एकच घ्या, पण चांगले घ्या. त्यावर डोकी दोन घ्या. एक छोटं फ्लुइड हेड, सपाट तळाचं, आणि एक साधं बॉलहेड. पाय आणि हेड जोडणारा स्क्रू बहुधा ३/८ इंची असतो, म्हणजे हेड बदलायला एक मिनिट लागतं. महत्त्वाचं म्हणजे दोन्ही डोक्यांवर एकाच जातीची प्लेट बसली पाहिजे. मॅनफ्रोटोची आरसी-टू आणि आर्का-स्विस पद्धतीची प्लेट या एकमेकींत बसत नाहीत. आपण आर्का-स्विस पद्धत ठरवून टाकावी, कारण ती आता खूप कंपन्या बनवतात. एक अडचण मात्र आहे. बऱ्याच छोट्या फ्लुइड हेडची स्वतःची वेगळी लांब प्लेट असते. अशा वेळी त्या प्लेटवर आर्का पद्धतीचा एक चिमटा कायमचा घट्ट बसवून टाकायचा. एकदा केलं की कॅमेरा या डोक्यावरून त्या डोक्यावर नुसता सरकवायचा.

आणि या दोन डोक्यांच्या खाली हवी एक तिसरी वस्तू, जिच्याबद्दल मीटिंगमध्ये कोणीही बोललं नाही. लेव्हलिंग बेस. तोरणमाळला माझा तलाव कलंडला तो याच्या अभावी. कॅमेरा सुरुवातीला सरळ होता, पण ज्या तळावर तो फिरत होता तो तळ तिरका होता. तळ तिरका असेल तर फिरताना क्षितिज कलणारच, वर कितीही बबल बघा. मोठ्या व्हिडिओ ट्रायपॉडला यासाठी ७५ किंवा १०० मिलिमीटरची वाटी असते आणि हेडचा तळ अर्ध्या चेंडूसारखा तिच्यात बसतो. एक मूठ ढिली करा, बबल मध्ये आणा, आवळा, झालं. फोटोच्या पायांवर हेच काम छोटा लेव्हलिंग बेस करतो. नाहीतर प्रत्येक पाय थोडा वर, थोडा खाली करत बसावं लागतं, आणि तोवर मिरवणूक पुढे गेलेली असते!

मग व्हिडिओवाल्यांचे दोन नळ्यांचे जड पाय का नकोत? ते फिरवताना पिळवटत नाहीत हे खरं. पण त्यांचा खालचा स्प्रेडर सपाट जमीन मागतो. गॅदरिंगच्या स्टेजपुढे ते छान. राणीपूरच्या पुढे घाटात एक पाय दगडावर आणि एक उतारावर ठेवायची वेळ आली की फोटोचे सुटे पाय कामी येतात. आपल्यापैकी बहुतेकांची घरं स्टेजपुढे नाहीत.

गिंबलवाल्यांनाही उत्तर देते. गिंबल चालताना शूट करायला उत्तम आहे, पण तो उभा राहत नाही. त्याला बॅटरी लागते आणि धरायला माणूस लागतो. एखाद्या आजोबांची एक तासाची मुलाखत गिंबल हातात धरून घेऊन बघा, पंधराव्या मिनिटाला खांदा भरून येतो. मोबाईलमधल्या स्टॅबिलायझेशनचंही तेच. ते हाताची थरथर पुसतं, त्यासाठी चित्राच्या कडा कापतं, आणि अंधारात एक सेकंदाचं एक्स्पोजर हातातून जमेल याची खात्री देत नाही. मोबाईल जरूर वापरा, पण पाव इंची क्लॅम्पमध्ये अडकवून, याच तीन पायांवर.

एका मैत्रिणीनं विचारलं, एवढं कशाला, कॅमेरा लांब ठेवून एकच रुंद फ्रेम घ्यायचीस, हलवायचाच नाही. प्रश्न बरोबर आहे, आणि तसाही एक शॉट मी घ्यायला हवा होता हे कबूल. पण आमचं स्वयंपाकघर आठ बाय दहाचं. मागे सरकायला जागा नाही. आणि वहिनीला बघायचा आहे तो आजीचा अंगठा, पोळी सोडताना तो कुठे असतो ते. त्यासाठी जवळूनच आणि पोळीबरोबरच जायला लागतं.

हे फोटो आणि व्हिडिओचं भांडण काही आपण शोधून काढलेलं नाही. सुरुवातीचे सिनेमाचे कॅमेरे फोटोच्याच स्टँडवर घट्ट बसवलेले असायचे. १८९७ मध्ये लंडनला राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीला साठ वर्षं झाल्याची मिरवणूक निघाली, तेव्हा ती सलग टिपता यावी म्हणून रॉबर्ट पॉलनं फिरणारं हेड बनवून घेतलं. आपल्याकडे सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, हे मूळचे फोटोग्राफर. त्यांनी लंडनहून सिनेमाचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्तीचं चित्रण केलं. आणि दादासाहेब फाळके! तेही आधी फोटोग्राफर, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय केलं असेल? कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर वाढताना टिपला. एक एक फ्रेम, रोज थोडी थोडी. 'अंकुराची वाढ'. ती फिल्म बघून त्यांना भांडवल मिळालं आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. विचार करा, ती प्रत्येक फ्रेम म्हणजे एक फोटो आणि सगळ्या मिळून सिनेमा. इतके दिवस कॅमेरा जागचा हलला असता तर वाटाणा पडद्यावर उड्या मारत वाढला असता. भारतीय सिनेमाचं भांडवल एका न हललेल्या कॅमेऱ्यामुळे उभं राहिलं असं म्हटलं तर फार चुकत नाही.

पैशाचं काय? कार्बन फायबरचा हट्ट सोडला तर ॲल्युमिनियमचे चांगले पाय आणि या तीन वस्तू आपल्या अठरा हजारांत बसतात. मी दोन दुकानांत विचारून आलेय. कार्बन हलका असतो आणि थरथर लवकर जिरवतो हे खरं, पण वाऱ्यात पायांच्या मध्ये बॅग टांगली की ॲल्युमिनियमही ऐकतो. फक्त बॅग झोके घेऊ देऊ नका, तळ जमिनीला टेकू द्या. झुलणारी बॅग फायद्यापेक्षा तोटाच करते. कॅमेऱ्याची बॉडी चार वर्षांत जुनी होते. चांगले पाय आपल्यानंतरच्या दहा बॅचेस वापरतील.

घेताना एक काळजी. फ्लुइड हेडचं स्प्रिंग आपल्या कॅमेऱ्याच्या वजनाला जुळतं का ते दुकानातच बघा. जास्त ताकदीचं हेड म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. कॅमेरा हलका आणि स्प्रिंग कडक असेल तर पुढे झुकवलेला कॅमेरा हात सोडताच मागे उसळतो. म्हणून कॅमेरा बरोबर न्या.

आणखी एक कळकळीची विनंती, विशेषतः एफईच्या मुलांना. कॅमेऱ्याखालचे आटे पाव इंची, इंचाला वीस असे असतात. म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आयएसओ १२२२ मध्ये हे ठरलेलं आहे. त्यात एम-सिक्सचा बोल्ट आधी जातो असं वाटतं, पण पिच वेगळा आहे, तो आटे खातो. मागच्या सेममध्ये कोणीतरी हा प्रयोग क्लबच्या कॅमेऱ्यावर केलाय. नाव माहीत आहे, लिहीत नाही. वर्कशॉपच्या सरांनी पाव इंची टॅपनं आटे साफ करून दिले म्हणून वाचलो.

वापरताना चार गोष्टी पाळूया. फोटोला दोन सेकंदांचा टायमर लावायचा, बोटाचा धक्का नको. जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करायचं. पाय उघडताना वरचे जाड भाग आधी, खालचे बारीक शेवटी. व्हिडिओला २५ फ्रेम आणि १/५० शटर, आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे ट्यूबलाईटची फडफडही येत नाही.

आणि एक गोष्ट जी मला आधी गैरसोय वाटायची. ट्रायपॉड लपवता येत नाही. आमच्याकडे होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, लांबून लोक येतात. त्या गर्दीत हातातला मोबाईल कुणाच्याही तोंडासमोर नेऊन शूटिंग करणारे पाहुणे मी पाहिलेत. तीन पाय मांडायचे तर जागा मागावी लागते. नाचणाऱ्यांच्या वाटेत आपण येतोय का हे बघावं लागतं. चार माणसं विचारतात, कुठून आलात, कशासाठी काढताय? आपल्याला उत्तर द्यावं लागतं. त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर तो फोटो काढूही नये, असं मला आता वाटतं.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते खरा मुद्दा. हा ट्रायपॉड क्लबच्या कपाटात कुलपात ठेवू नका. पैसे दोन्ही हॉस्टेलनी दिलेत. तो हॉस्टेल ऑफिसच्या रजिस्टरला लावा आणि सुट्टीत घरी जाणाऱ्याला सही करून नेऊ द्या. रेक्टर सरांना आणि मॅडमना ही जाहीर विनंती समजावी. आपल्या हॉस्टेलमध्ये कोकणातली मुलं आहेत, मराठवाड्यातली आहेत, माझ्या शेजारच्या रूममध्ये नंदुरबारची मैत्रीण आहे, तिच्या घरासमोर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी असं काहीतरी करतं जे पुढच्या कोणाला येत नाही. गॅदरिंगचं शूटिंग दर वर्षी होईल. त्या गोष्टी दर वर्षी होतील असं मी तरी आता धरून चालत नाही.

आमच्या घरी सध्या वेगळीच पद्धत सुरू आहे. आजी खाटेवर बसून तोंडानं सांगते, वहिनी चुलीपुढे बसते. "अजून नाही, कोपर खाली घे, आता सोड!" बहुतेक मांडे सुरकुततात, आणि सुरकुतलेले आम्ही खातो. एक परवा बरा जमला असं काकानं फोनवर सांगितलं. येत्या आखाजीला मी वहिनीचं शूटिंग करणार आहे.

टर्म सुरू झाली की पहिल्या रविवारी संध्याकाळी मेसमध्ये मीटिंग आहे. फोटोवाले, व्हिडिओवाले, गिंबलवाले सगळ्यांनी या. येताना आपापला कॅमेरा घेऊन या, म्हणजे कुणाला कुठली प्लेट लागेल ते तिथेच बघता येईल.